घोड्याला 'पोनी' म्हणणारी मुलं

२०२३ साली आमच्या ओहायो राज्याने अर्थसंकल्पाच्या जाडजूड विधेयकात एक छोटंसं कलम घातलं. पहिली-दुसरीतलं मूल वाचताना एखाद्या शब्दाशी अडलं, तर चित्र बघून किंवा वाक्याच्या रोखावरून तो शब्द ओळखायला शिकवण्याची पद्धत शाळांनी बंद करावी आणि अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवावं, असा त्याचा मथितार्थ. त्याच ऑक्टोबरमध्ये एक संस्था त्याविरुद्ध कोर्टात गेली. अडलेला शब्द कसा वाचावा हे विधिमंडळाने ठरवायचं आणि त्यावर न्यायाधीशांनी निकाल द्यायचा! आपल्याकडे भांडणं कशाकशावरून होतात हे ठाऊक असूनही मला याची मोठी गंमत वाटली.

मग थोडं वाचलं, आणि गंमत ओसरली. कारण त्या कलमात लिहिलेली गोष्ट संशोधकांना १९८० च्या आसपासच बऱ्यापैकी पक्की कळली होती. म्हणजे मध्ये चाळीसेक वर्षं गेली. तेवढ्या काळात किती मुलं पहिलीतून पुढे सरकली असतील याचा हिशोब तुम्हीच करा. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत अमेरिकेतली चौथीतली ४० टक्के मुलं वाचनाच्या 'बेसिक' म्हणतात त्या पातळीच्याही खाली होती. प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट वर्गात पोचायला इतका वेळ का लागला, त्याची ही कहाणी. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातीला इथली वाचन शिकवायची पद्धत आपल्या ओळखीचीच होती. नोआ वेबस्टर (तोच तो, डिक्शनरीवाला) याने १७८३ साली स्पेलिंगचं एक पुस्तक काढलं. निळ्या पुठ्ठ्याचं, म्हणून त्याला 'ब्लू-बॅक्ड स्पेलर' म्हणत. आधी सुटी अक्षरं, मग एकेका व्यंजनाला स्वर लावून केलेल्या ओळी, मग शब्द. म्हणजे त्यांची बाराखडीच म्हणा ना, फक्त खड्या कमी. मुलं ती एका सुरात घोकत.

पुढे १८३६ साली विल्यम मकगफी नावाच्या प्राध्यापकाची वाचनमाला सिनसिनाटीच्या प्रकाशकाने काढली. हा गृहस्थ तेव्हा ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावी मायामी युनिव्हर्सिटीत शिकवत होता. (ऑक्सफर्ड इंग्लंडातलं नव्हे आणि मायामी फ्लोरिडातलं नव्हे; मायामी हे इथल्या मूळच्या लोकांच्या एका जमातीचं नाव.) त्याच्या राहत्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. तिथे त्याचं आठकोनी फिरतं टेबल ठेवलंय. आजूबाजूची पोरं गोळा करून त्यांच्यावर तो आपले धडे आधी तपासून बघायचा, असं म्हणतात. ते खरं असेल तर वाचनावरच्या 'संशोधना'चा या भागातला हा पहिला नमुना! त्या पुस्तकांच्या पुढे बारा कोटींच्या आसपास प्रती खपल्या असा अंदाज आहे.

त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मॅन हा शिक्षण मंडळाचा सचिव झाला (१८३७). अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा हा मोठा पुरस्कर्ता. त्याला सुटी अक्षरं घोकवणं अजिबात आवडत नसे. मुलाला ती अक्षरं रक्तमांस नसलेल्या सांगाड्यांसारखी दिसतात, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा आख्खा शब्द दाखवा, त्याला अर्थ असतो, मुलाला तो जवळचा वाटतो. १८४३ साली तो युरोपात फिरून आला, प्रशियातल्या शाळांवर बेहद्द खूश झाला आणि तसा अहवाल लिहिला. त्यावर बोस्टनच्या ३१ मास्तरांनी मिळून एक जाड पुस्तकच उत्तरादाखल छापलं. म्हणजे हे भांडण १८४४ सालीच सुरू झालं होतं.

मला मॅनचा राग येत नाही. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं. कळकट खोलीत बाकावर बसून अर्थहीन आवाज घोकणारी मुलं पाहून कुणाही भल्या माणसाला हेच वाटेल. पण 'घोकंपट्टी वाईट' आणि 'अक्षरं शिकवणं वाईट' या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र झाल्या, आणि त्यांची गाठ पुढे दीडशे वर्षं सुटली नाही.

त्या गाठीला विज्ञानाचा पहिला पीळ बसला तो जर्मनीत. जेम्स कॅटेल नावाचा अमेरिकन तरुण लाइपझिगला वुंटच्या प्रयोगशाळेत काम करत होता. मेंदूच्या क्रियांना किती वेळ लागतो हे तो मोजायचा. १८८५-८६ च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की माणूस छोटा ओळखीचा शब्द एका सुट्या अक्षराइतक्याच वेळात ओळखतो. प्रयोग चोख होता. आजही तो बरोबर मानतात. पण शाळावाल्यांनी त्यातून काय काढलं? की बघा, माणूस शब्द आख्खाच वाचतो, मग अक्षरं शिकवता कशाला! यात मेख अशी की कॅटेलची 'माणसं' सुशिक्षित प्रौढ होती, ज्यांचं हजारो तास वाचन झालेलं. सराईत सुतार न मोजता फळी कापतो, म्हणून नव्या पोराच्या हातातली फूटपट्टी काढून घेण्यासारखं झालं हे. संशोधन चूक नव्हतं, ते कुणावर केलं आणि कुणाला लावलं यात फेर होता. हा फेर या कहाणीत वारंवार येतो, म्हणून लक्षात ठेवा.

१९३० नंतर 'डिक आणि जेन'ची पुस्तकं आली. गोरं गोमटं कुटुंब, कुत्रा, मांजर आणि 'बघ, बघ, पळ, पळ' छापाची वाक्यं. शब्द मोजून दिलेले आणि पुन्हा पुन्हा आलेले, म्हणजे ते डोळ्यांनी पाठ व्हावेत. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश या व्हिएन्नाहून नाझींच्या तडाख्यातून निसटून आलेल्या माणसाने 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक लिहून या सगळ्यावर तोफ डागली. पुस्तक एका बारा वर्षांच्या मुलाला शिकवतानाच्या अनुभवावरून निघालेलं. फ्लेशचं म्हणणं असं की इंग्रजीला अक्षरमाला असताना तुम्ही ती चिनी चित्रलिपीसारखी शिकवताय. पुस्तक तुफान खपलं, आया-बापांनी डोक्यावर घेतलं, आणि शिक्षणतज्ज्ञांनी नाकं मुरडली. फ्लेशचा सूरही फार भांडखोर होता, हे मान्य करायला हवं. ज्याला बदलायचंय त्यालाच आधी मूर्ख म्हटलं की तो ऐकत नाही, हे सुनेला कळतं, विद्वानांना कळायला वेळ लागतो.

(याच गदारोळातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. कंटाळवाण्या पुस्तकांना उत्तर म्हणून एका प्रकाशकाने डॉ. स्यूसला शब्दांची यादी दिली आणि म्हटलं, यातूनच गोष्ट लिहून दाखव. १९५७ साली आलेल्या 'द कॅट इन द हॅट'मध्ये फक्त २३६ वेगवेगळे शब्द आहेत. तुमच्या नातवंडांकडे ते पुस्तक असेल तर मोजून बघा.)

यानंतर जीन चॉल आली. हार्वर्डची प्राध्यापिका, स्वतः लहानपणी पोलंडहून न्यूयॉर्कला आलेली. तिने तीन वर्षं खर्चून तोवरचं सगळं संशोधन चाळलं, शेकडो वर्गांत जाऊन बसली, आणि १९६७ साली निष्कर्ष दिला: सुरुवातीला अक्षर आणि आवाज यांचं नातं थेट, पद्धतशीर शिकवलं तर मुलांना फायदा होतो, आणि गरीब घरच्या मुलांना तो अधिक होतो. तिने सोबत इशाराही दिला होता की याचा अतिरेक करू नका, मुलं वाचू लागली की त्यांना भरपूर वाचू द्या. असं दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्या माणसाचं जे होतं तेच तिचं झालं. ज्याला जे हवं ते त्याने उचललं.

योगायोग असा की त्याच १९६७ साली केन गुडमन यांचा एक लेख आला आणि पुढची तीस-चाळीस वर्षं वर्गांत तोच जिंकला. गुडमन म्हणाले, वाचन म्हणजे अंदाजाचा खेळ. वाचणारा प्रत्येक अक्षर बघत नाही. तो अर्थाचा, वाक्यरचनेचा आणि थोडाफार अक्षरांचा आधार घेऊन पुढचा शब्द ताडतो आणि मग तो जुळतो का ते बघतो. या हिशोबाने 'हॉर्स' लिहिलेलं असताना मुलाने 'पोनी' वाचलं तर काही बिघडत नाही, अर्थ तर कळला! २०१९ साली एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंनी ९१ वर्षांच्या गुडमनना भेटून हाच प्रश्न विचारला, तेव्हाही ते आपल्या मतावर ठाम होते.

ही कल्पना आकर्षक आहे हे कबूल करू या. आपण सराईत वाचणारे, आपल्याला आतून अगदी असंच वाटतं की नजर भुर्रकन पुढे जाते आणि अर्थ आपोआप येतो. शिवाय गुडमनच्या बाजूने जे आलं ते छान होतं: वर्गात खरी गोष्टीची पुस्तकं, मुलांचं स्वतःचं लिखाण, शिक्षकावर विश्वास. समोरच्या बाजूला काय, तर आवाजांचे तक्ते. तुम्ही शिक्षक असतात तर कुठे गेला असतात?

आता प्रयोगशाळेत बघू काय चाललं होतं. मिशिगन युनिव्हर्सिटीत कीथ स्टॅनोविच आणि रिचर्ड वेस्ट असे दोन तरुण विद्यार्थी होते. दोघांनाही अंदाजाचा सिद्धांत मनापासून पटलेला. मग तो सिद्ध करायला म्हणून त्यांनी प्रयोग मांडला. चांगली वाचणारी मुलं वाक्याच्या संदर्भाचा जास्त उपयोग करत असणार, कच्ची मुलं कमी, अशी त्यांची अपेक्षा. मुलांना वाक्य दाखवायचं, मग एक शब्द, आणि तो उच्चारायला किती वेळ लागतो ते मोजायचं. निकाल बरोबर उलटा आला! संदर्भाचा आधार घेत होती ती कच्ची मुलं. पक्क्या मुलांना त्याची गरजच पडत नव्हती, कारण संदर्भ मदतीला धावून येईपर्यंत शब्द ओळखून झालेला असायचा. म्हणजे अंदाज ही सराईताची कला नसून अडलेल्याची काठी होती. आणि शाळा काय करत होत्या? सगळ्यांना काठ्या वाटत होत्या. या दोघांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्या हाताने मांडलेल्या प्रयोगाने आपलंच मत खोडलं, आणि त्यांनी ते तसंच छापलं.

दुसरा पुरावा माझ्यासारख्या इंजिनिअरच्या जास्त आवडीचा. १९७५ साली कॉर्नेलमध्ये जॉर्ज मकॉन्की आणि कीथ रेनर यांनी डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. तुम्ही पडद्यावर वाचताय, आणि नजर जिथे टेकली आहे तिथली काही अक्षरंच खरी आहेत, बाकी सगळीकडे फुल्या. नजर हलली की खिडकीही हलते. मग खिडकी किती लहान केली तर वाचणारा अडखळतो ते मोजायचं. त्या काळातल्या कॉम्प्युटरवर हे करायचं म्हणजे खायचं काम नाही! इंग्रजी वाचणाऱ्याला नजरेच्या उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरं आणि डावीकडे तीन-चार एवढी खिडकी मिळाली की तो मजेत वाचतो, असं दिसलं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद टेकते, आणि अर्थवाही शब्दांपैकी बहुतेकांवर ती टेकतेच. म्हणजे आपण भराभर उड्या मारत नाही, जवळजवळ सगळं बघतो, फक्त इतक्या वेगाने की आपल्याला स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो. फिलिप गॉफ यांनी अंदाजाचा हिशोबही करून ठेवला: कॉलेजातल्या मुलांनासुद्धा वाक्यातला पुढचा अर्थवाही शब्द दहातून एखाद्याच वेळी बरोबर ताडता येतो. दहातले नऊ चुकणारं यंत्र आमच्या कारखान्यात एक दिवस टिकणार नाही.

मग हे वर्गात का गेलं नाही? हे प्रयोग मानसशास्त्र विभागांत झाले, त्या विषयाच्या नियतकालिकांत आकडेमोडीच्या भाषेत छापले गेले. शिक्षक घडवणारं डीएड-बीएडसारखं कॉलेज त्याच आवारात, पण दुसऱ्या इमारतीत. दोन इमारतींमध्ये हिरवळ असते आणि ती कुणी ओलांडत नाही. त्यात १९८० नंतर राजकारण शिरलं. आवाज जोडून वाचणं हे सनातनी मंडळींचं, आख्खी भाषा हे उदारमतवाद्यांचं, असा शिक्का बसला. शिक्षिका बहुतेक उदारमतवादी. मग पुरावा बघतो कोण? १९८७ साली कॅलिफोर्नियाने सगळ्या राज्याचा अभ्यासक्रम गुडमनपंथी केला, आणि १९९४ च्या चाचणीत ते राज्य तळाशी जाऊन बसलं. (त्याला इतर कारणंही होती: वर्ग मोठे, पैसा कमी, इंग्रजी घरी न बोलणारी मुलं पुष्कळ.)

आणि एक कारण असं, की वर्गात उभं राहिलं तर ही पद्धत चालताना दिसते. माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा तिच्या शाळेने पालकांसाठी पत्रक पाठवलं होतं. मूल अडलं तर काय करावं, त्याची प्राण्यांची गोड चित्रं: गरुडासारखी नजर चित्राकडे टाका, बेडकासारखी शब्दावरून उडी मारून पुढे जा. अक्षरं नीट बघा हे तळाशी कुठेतरी. ती छोटी पुस्तकं मुलं घडाघडा वाचत, कारण प्रत्येक पानावर वाक्य तेच आणि बदललेला एक शब्द चित्रात. आई-बाप खूश, बाई खूश. आमची निभावली, कारण तिच्या आजीने सुट्टीत येऊन इंग्रजी अक्षरंही आपल्या बाराखडीच्या शिस्तीने घोटून घेतली होती. तिच्या वर्गातल्या एका मुलाचं मात्र तिसरीत, चित्रं संपली तेव्हा, सगळं एकदम उघडं पडलं. चलाख, गप्पिष्ट पोरगा. दोन वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही. स्टॅनोविचने १९८६ साली याचंही वर्णन करून ठेवलंय: ज्याला वाचता येतं तो वाचतो, वाचल्याने त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढल्याने वाचन सोपं होतं. ज्याला येत नाही त्याचं चाक उलटं फिरतं. बायबलमधल्या एका वचनावरून त्याने याला 'मॅथ्यू इफेक्ट' हे नाव दिलं. आहे त्याला आणखी, नाही त्याचं तेही जातं.

त्याच वर्षी गॉफ आणि विल्यम टनमर यांनी एक सूत्र मांडलं, जे मला या सगळ्या साहित्यात सर्वांत सुंदर वाटतं. वाचून समजणं म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले भाषा कळणं. इथे अधिक नाही, गुणाकार आहे! म्हणजे दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. दुसरा आकडा कितीही मोठा असो.

दुसऱ्या आकड्याची ताकद १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या प्रयोगात दिसली. सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलमध्ये मुरलेली मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉलमध्ये ढ असलेल्या मुलांपेक्षा बरंच चांगलं समजून सांगू शकली. लेगबाय, फॉलोऑन, नाइट वॉचमन हे शब्द माझ्या इथल्या प्राध्यापक शेजाऱ्याला वाचायला दिले तर तो अक्षर न् अक्षर बिनचूक वाचेल आणि ठार काही कळणार नाही. आपल्या गल्लीतला सातवी नापास पोऱ्या त्याला समजावून सांगेल.

इथे थोडं आपल्याकडे वळतो. इंग्रजीत २६ अक्षरं आणि चाळीसवर आवाज, त्यामुळे पहिला आकडाच अवघड. २००३ साली युरोपातल्या भाषांची तुलना झाली, तेव्हा पहिलीच्या शेवटी फिनिश किंवा जर्मन मुलं साधे शब्द ९५ टक्क्यांच्या वर बरोबर वाचत होती, आणि इंग्रजी शिकणारी स्कॉटलंडची मुलं जेमतेम ३४ टक्के. मराठीत लिहिलेलं तसंच वाचायचं, तेव्हा आपलं सोपं असायला हवं. पण माझा मेव्हणा सातारा जिल्ह्यात शाळामास्तर आहे, तो म्हणतो, "दाजी, सोपं तुम्हाला. पोराच्या बाजूनं बघा. व्यंजनं चौतीस, त्याला बारा खड्या, वर जोडाक्षरं. मोजा की." मोजलं. जोडाक्षरं सोडूनच चारशेच्या वर जातात. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं की ही चिन्हं पक्की व्हायला पहिली-दुसरी पुरत नाही, चौथीपर्यंत काम चालू असतं. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला.

यावर आपल्याकडे जे काम झालं त्यात एक नाव अमेरिकेतूनच आलेलं. मॅक्सीन बर्नसन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या, नागरिकत्वासकट. १९८६ साली सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवन शाळेत त्यांनी जी पद्धत वापरली, तिच्यात सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत मूल ताटकळत नाही. थोडी अक्षरं आणि त्यांच्यासोबत एक-दोन स्वरचिन्हं घ्यायची, लगेच त्यांतून खरे शब्द आणि वाक्यं करायची, मग पुढचा गट. घोकणंही नाही आणि अंदाजही नाही. होरेस मॅनच्या डोक्यातली ती गाठ फलटणला शांतपणे सुटली, असं मला म्हणावंसं वाटतं.

असो. परत अमेरिकेत. १९९७ साली काँग्रेसने सांगितलं की एकदा काय ते ठरवून टाका. चौदा जणांचं राष्ट्रीय वाचन मंडळ बसलं आणि २००० साली अहवाल आला. चॉलबाईंनी तेहतीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं जवळपास तेच, जास्त पुराव्यासह. बुश साहेबांनी हा विषय उचलला. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी फ्लोरिडातल्या शाळेत दुसरीच्या मुलांमध्ये बसलेले बुश आणि त्यांच्या कानाला लागलेला अधिकारी, हा फोटो तुम्ही पाहिला असेल. ती मुलं तेव्हा 'पेट गोट' नावाचा धडा वाचत होती, आणि तो आवाज जोडून वाचायला शिकवणाऱ्या मालेतला होता. वाचनाच्या प्रचारासाठीच ते तिथे गेले होते.

नंतर 'रीडिंग फर्स्ट' योजनेत सुमारे ६ अब्ज डॉलर ओतले. आता तरी? २००६ साली चौकशीत निघालं की ठरावीक प्रकाशकांची पुस्तकं घ्यायला राज्यांवर दबाव होता आणि ठरवणाऱ्यांचे हितसंबंध त्यात होते. २००८ च्या मूल्यमापनात मुलांच्या वाचून समजण्यात फरक दिसला नाही. काँग्रेसने पैसा बंद केला. शिक्षकांच्या हाती काय पडलं, तर बोलायच्या वाक्यांसकट छापून आलेलं स्क्रिप्ट आणि तपासायला येणारा साहेब. शॉप फ्लोअरवर कारण न सांगता नवं ड्रॉइंग धाडलं की काय होतं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माणसं मुकाट्याने सही करतात आणि जुन्या मापाने काम करतात. इथेही तसंच झालं. 'समतोल वाचन' असं नवं नाव घेऊन अंदाजाची पद्धत वर्गातच राहिली. ती रुजवण्यात आमच्या ओहायोचा वाटा मोठा. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांचा 'रीडिंग रिकव्हरी' हा कार्यक्रम १९८४ साली अमेरिकेत आला तो ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत. २०२३ साली कोर्टात गेलेली संस्था याच कार्यक्रमाची.

वेगळं घडलं ते मिसिसिपीत, जे राज्य शिक्षणात कायम शेवटून पहिलं-दुसरं. २००० साली जिम बार्क्सडेल (नेटस्केप आठवतंय का? तिचे प्रमुख) आणि त्यांच्या पत्नीने आपल्या राज्याला वाचनासाठी १० कोटी डॉलर दिले. त्या पैशांतून उभ्या राहिलेल्या संस्थेने आधी कॉलेजांत डोकावलं, तेव्हा आढळलं की शिक्षक होणाऱ्या मुलींना दोन वर्षांत अक्षर-आवाजाबद्दल सरासरी २० मिनिटं शिकवलं जातंय. वीस मिनिटं! मग हळूहळू कॉलेजं, मग चालू शिक्षकांचं लांबलचक प्रशिक्षण, मुलं असं का वाचतात याच्या शास्त्रासकट. २०१३ साली कायदा झाला, आणि कमजोर शाळांत कोच नेमले, जे बाईंच्या शेजारी उभे राहून शिकवून दाखवत. तिसरीत वाचता आलं नाही तर पुढे ढकलायचं नाही, हेही त्यात होतं, आणि त्यावर टीका झाली, ती मला काही अंशी रास्त वाटते. पण २०१३ साली चौथीच्या वाचनात ४९ वं असलेलं राज्य २०२४ साली ९ वं झालं. गरिबी तेवढीच राहून.

एमिली हॅनफर्डबाईंची 'सोल्ड अ स्टोरी' ही ध्वनिमालिका २०२२ साली आली, ती आई-बापांनी ऐकली, आणि मग एकामागून एक राज्यांनी कायदे केले. ओहायोने त्यापायी सुमारे १६.८ कोटी डॉलर ठेवले: बराचसा पैसा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, बाकीचा पुस्तकांना आणि कोचना. कलम लिहायला एक अधिवेशन पुरलं. मिसिसिपीला तेरा वर्षं आधीची तयारी होती, हे इथल्या किती आमदारांनी मोजलंय कोण जाणे.

आणि मिसिसिपीतही आठवीचे निकाल चौथीइतके वर गेलेले नाहीत. तिथे कायदा झाला तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता कॉलेजच्या वयाची झाली आहेत, म्हणजे वाट बघण्याचं निमित्त उरलेलं नाही. गॉफ-टनमरच्या सूत्रातला पहिला आकडा त्यांनी सुधारला. दुसऱ्या आकड्यासाठी, म्हणजे शब्द, गोष्टी, इतिहास, भूगोल, बेसबॉलसुद्धा, त्यासाठी काय करायचं यावर आता इथे नवं भांडण जुंपलंय.